रीडमीतल्या शिळ्या कमांड कशा बदलाल?

‘रीडमीत लिहिलंय तसंच सगळं केलं, तरी बिल्ड होत नाही. माझं काय चुकतंय?’ ओपन सोर्स प्रकल्पांत नव्याने शिरणारे वाचक हे पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक वेळा त्यांचं काहीच चुकलेलं नसतं, रीडमी शिळी झालेली असते. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर मात्र म्हणतात, ‘आमच्याकडे तर चालतंय, लोक अडतात कुठे?’ हा लेख दोघांसाठी आहे. यातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाकायच्या, हे सांगायला नकोच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. माझ्या एका छोट्या पायथन लायब्ररीच्या रीडमीत कित्येक वर्षं एक ओळ होती: ‘पायथन सेटअप.पीवाय इन्स्टॉल’. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने ती उबुंटू २४.०४ वर चालवली. ‘पायथन’ नावाची कमांडच सापडेना, म्हणून तिने ‘पायथन३’ लिहिलं. मग ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’ असा एरर आला. कुठेतरी वाचून तिने ‘सुडो पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स’ केलं, तर उबुंटूने ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवलं. शेवटी ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा फ्लॅग लावून तिने काम तडीस नेलं आणि मला मेल केला: ‘सर, रीडमीत हा फ्लॅग लिहायचा राहिलाय.’ फ्लॅगचं नावच सांगतं की सिस्टिमची पॅकेजेस मोडली तरी चालतील. आणि ते माझ्या रीडमीत छापायचा सल्ला मला मिळत होता!

माझी ओळ एका अक्षरानेही बदलली नव्हती. बदललं होतं ते भोवतालचं. डिस्टयुटिल्स काढून टाकणार असल्याचं पायथन ३.१० मध्ये, म्हणजे २०२१ सालीच जाहीर झालं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ते गेलंही. त्याच आवृत्तीपासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येणं बंद झालं. सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये, हा पेप ६६८ चा नियम डेबियन १२ ने आणि उबुंटूने लागू केला होता. माझ्या लॅपटॉपवर मात्र जुन्या पायथनचं जुनं एन्व्हायर्नमेंट होतं, त्यामुळे मला कशाचीच झळ लागली नाही.

आता तिथे तीन ओळी आहेत: ‘पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’, मग ते एन्व्हायर्नमेंट चालू करण्याची ओळ (लिनक्स-मॅकची वेगळी, विंडोजची वेगळी) आणि शेवटी ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल .’ यातलं टिंब विसरू नका, ते म्हणजे ‘ही चालू डिरेक्टरी’. डेबियन-उबुंटूवर ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज आधी एपीटीने घ्यावं लागतं. तेही लिहिलं आहे. बिल्डसाठी लागणारी हत्यारं कोणती, हे आता रीडमी सांगत नाही. ते ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’मध्ये ‘बिल्ड-सिस्टिम’खाली लिहिलेलं असतं. पिप ते वाचतो, तात्पुरत्या वेगळ्या जागेत ती हत्यारं बसवतो आणि बिल्ड करतो.

शिळी ओळ कशी ओळखाल

पुढच्या खुणा दिसल्या तर कमांड चालवण्याआधी थांबा. तुमच्याच प्रकल्पात असतील तर आजच बदलायला घ्या.

- ‘सेटअप.पीवाय इन्स्टॉल’, ‘सेटअप.पीवाय डेव्हलप’: त्याऐवजी ‘पिप इन्स्टॉल .’ आणि ‘पिप इन्स्टॉल -ई .’. सेटअप.पीवाय ही फाइल बाद झालेली नाही, ती थेट कमांडसारखी चालवण्याची पद्धत बाद झाली आहे. फाइल पुसून टाकणारे उत्साही लोक इथेच घोळ घालतात.
- प्रोग्रॅम बसवण्यासाठी ‘गो गेट’: मार्च २०२२ मध्ये आलेल्या गो १.१८ पासून ‘गो गेट’ प्रोग्रॅम बसवत नाही. त्यासाठी ‘गो इन्स्टॉल’ आणि पुढे ॲट चिन्हासह आवृत्ती लिहायची. पण मॉड्यूलमधलं अवलंबित्व बदलायला ‘गो गेट’च लागतं, म्हणून सगळ्या डॉक्समध्ये डोळे झाकून शोधा-आणि-बदला करू नका.
- ग्रेडलमधलं ‘जेसेंटर’ आणि ‘कंपाइल’: जेसेंटर बंद करत असल्याचं जेफ्रॉगने फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. ‘कंपाइल’ हे कॉन्फिगरेशन ग्रेडल ७ मध्ये काढलं गेलं, आता ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहा.
- मधल्या आडव्या रेघेचं ‘डॉकर-कंपोज’: पहिल्या आवृत्तीचे अपडेट जुलै २०२३ मध्ये थांबले. आता ‘डॉकर’ आणि ‘कंपोज’ हे दोन सुटे शब्द.
- ‘गिट://’ने सुरू होणारा गिटहबचा पत्ता: मार्च २०२२ पासून गिटहब तो स्वीकारत नाही.
- ‘ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर’ लावा असा सल्ला: ऑक्टोबर २०२१ च्या नोड १७ सोबत ओपनएसएसएल ३ आलं आणि जुन्या वेबपॅकचे बिल्ड कोसळले. त्या दिवसांत लावलेली ही मलमपट्टी आहे. रीडमीत ती आजही दिसली, तर आतला वेबपॅक अजून बदललेला नाही असं समजा.

सीमेकबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचा फटका अजून ताजा आहे. मार्च २०२५ मध्ये सीमेक ४.० आलं आणि ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता त्याने सोडली. ज्या प्रकल्पाच्या ‘सीमेकलिस्ट्स’ फाइलच्या माथ्यावर किमान आवृत्ती २.८ लिहिलेली असते, तो कॉन्फिगर होतानाच थांबतो. मूळ कोड बिनचूक असला तरीही. तात्पुरती वाट म्हणून ‘सीमेक पॉलिसी व्हर्जन मिनिमम’ला ३.५ ही किंमत देता येते, पण ही वाट वापरणाऱ्यासाठी आहे. मेंटेनरने ती रीडमीत लिहू नये, किमान आवृत्तीची ओळच वाढवावी. ३.५ वर थांबू नका, कारण ३.१० पेक्षा जुनी आवृत्ती लिहिली तर सीमेक ३.३१ पासून ताकीद मिळू लागली आहे.

त्याच हाताने ‘बिल्ड डिरेक्टरी करा, आत जा, सीमेक दोन टिंब, मग मेक’ हा जुना मंत्रही बदला. विंडोजवर किंवा निन्जा वापरणाऱ्याकडे शेवटचं ‘मेक’ चालत नाही. ‘सीमेक -एस . -बी बिल्ड’ आणि ‘सीमेक --बिल्ड बिल्ड’ या दोन ओळी कुठेही चालतात, डिरेक्टरी बदलावी लागत नाही, आणि २०१८ मध्ये आलेल्या सीमेक ३.१३ पासून उपलब्ध आहेत.

एक ओळ किती ठिकाणी असते

रीडमी दुरुस्त केली म्हणजे झालं, असं मलाही वाटलं होतं. मग ‘गिट ग्रेप’ चालवलं आणि तीच जुनी ओळ आणखी पाच ठिकाणी सापडली. तुम्ही शोधाल तेव्हा ही ठिकाणं चुकवू नका:

- ‘इन्स्टॉल’ आणि ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाच्या फाइल, ‘डॉक्स’ डिरेक्टरी
- डॉकरफाइल आणि सीआयच्या फाइल (इथली ओळ बहुधा बरोबर असते, मूळ उत्तर इथूनच उचला)
- इश्यू उघडताना दिसणारा नमुना
- इतर भाषांतली भाषांतरं
- गिटहबचा विकी: तो वेगळाच गिट रेपो असतो, त्यावर पुल रिक्वेस्ट होत नाही आणि ‘गिट ग्रेप’मध्ये तो येतही नाही
- पायपीआयवरचं प्रकल्पाचं पान

शेवटचं ठिकाण फसवं आहे. पायपीआयवर दिसतो तो त्या-त्या रिलीजबरोबर चढवलेला मजकूर. रेपोतली रीडमी कितीही सुधारली तरी नवं रिलीज काढेपर्यंत ते पान जुनंच राहतं, आणि नवा माणूस अनेकदा आधी तिथेच पोचतो. केवळ रीडमीसाठी छोटं रिलीज काढायला लाजू नका.

मराठीत किंवा हिंदीत डॉक्स करणाऱ्यांसाठी एक सूचना. कमांडचा भाग भाषांतराच्या फाइलमध्ये कॉपी करू नका. स्फिंक्स, एमडीबुक, आस्कीडॉक या सगळ्यांत बाहेरच्या फाइलचा तुकडा जसाच्या तसा आत घेण्याची सोय आहे. कमांड एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि प्रत्येक भाषेच्या पानाने ती तिथून उचलावी, म्हणजे मूळ बदललं आणि मराठी पान मागे राहिलं असं होत नाही.

आवृत्तीचे आकडे रीडमीत नकोत

‘नोड १४ किंवा पुढचं’ असं वाक्य लिहिलं की ते खोटं ठरण्याची तारीखही ठरून जाते. कुणी कोडमध्ये नवं काही वापरतं, सीआयमधला आकडा वाढवतं, वाक्य तसंच राहतं. आकडा त्या फाइलमध्ये ठेवा जी हत्यार स्वतः वाचतं: रस्टसाठी कार्गो.टॉमलमधलं ‘रस्ट-व्हर्जन’, पायथनसाठी ‘रिक्वायर्स-पायथन’, गोसाठी गो.मॉडमधली ‘गो’ ओळ, नोडसाठी पॅकेज.जेसनमधलं ‘इंजिन्स’.

यांचा धाक मात्र सारखा नसतो. पिप जुन्या पायथनवर साफ नकार देतो. गो १.२१ पासून ती ओळ सक्तीची झाली आहे. एनपीएम नुसती ताकीद देतो आणि पुढे जातो. त्यामुळे नोडच्या प्रकल्पांत ‘इंजिन्स’ लिहिलं म्हणून निश्चिंत राहू नका.

ग्रेडलच्या प्रकल्पात ‘आधी ग्रेडल बसवा’ ही सूचना असेल तर ती काढूनच टाका. रेपोत रॅपर असतो. ‘ग्रेडलडब्ल्यू’ चालवलं की ठरलेली आवृत्ती तो स्वतः आणतो. जावाची आवृत्ती मात्र सांगावी लागते. नव्या लॅपटॉपवर जावा २१ असेल तर त्यावर चालायला ग्रेडल ८.५ तरी लागतं. जुन्या रॅपरच्या प्रकल्पात जो एरर येतो, त्यातून नवख्याला हे कारण उमगत नाही.

आकडे लिहायचेच असतील तर लिनक्स कर्नलचा नमुना पाहा. त्यांच्या डॉक्समध्ये ‘चेंजेस’ नावाच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता आहे: हत्यार, किमान आवृत्ती, आणि तुमच्याकडे कोणती आहे ते पाहायची कमांड. तिसरा रकाना मला फार आवडतो. वाचकाला प्रश्न विचारायला लावण्याऐवजी तो उत्तर स्वतःच बघू देतो.

कोऱ्या मशीनवर चालवा

एवढंच एक काम करायला वेळ असेल तर हे करा. स्वतःच्या लॅपटॉपवर रीडमी तपासण्यात अर्थ नाही. तिथे वर्षानुवर्षांची पॅकेजेस साचलेली असतात, आणि कुठलं कशासाठी घेतलं होतं ते तुम्हालाही आठवत नाही.

सीआयवर तपासणं हा पुढचा विचार, पण तिथेही खड्डा आहे. गिटहबच्या तयार रनरवर कंपायलर, पायथन, नोड, सीमेक असं बरंच काही आधीच भरलेलं असतं. तुमच्या रीडमीत कंपायलर बसवायची ओळच नसली तरी तिथे हिरवी खूण येते. म्हणून रनरच्या आत डेबियनचा ‘स्लिम’ कंटेनर घ्या. त्यात गिटसुद्धा नसतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा काय होईल ते सांगून ठेवतो:

1. ‘सुडो’ सापडत नाही. कंटेनरमध्ये तुम्ही आधीच रूट असता आणि सुडो बसवलेलं नसतं.
2. एपीटी ‘पुढे जाऊ का?’ विचारून थांबतं, किंवा वेळेचा विभाग विचारणारं पॅकेज उत्तराची वाट पाहत बसतं. बिल्ड लटकतं.
3. शिफारशीची पॅकेजेस वगळून गिट बसवलं असेल तर क्लोन होत नाही, कारण प्रमाणपत्रांचं पॅकेज आलेलं नसतं.
4. एवढं पार पडल्यावर रीडमीतली खरी उणीव दिसते. माझ्या बाबतीत ती पायथनच्या हेडर फाइलची होती, डेबियनवर ‘पायथन३-डेव्ह’.

पहिल्या तीन गोष्टी कंटेनरच्या बाजूने मिटवा: सुडो आधीच बसवून घ्या, ‘डेबियन फ्रंटएंड’ला ‘नॉनइंटरॲक्टिव्ह’ करा, एपीटीला सगळीकडे ‘हो’ म्हणायला शिकवा, प्रमाणपत्रांचं पॅकेज घ्या. सीआयच्या सोयीसाठी रीडमीतली ओळ बदलू नका. माणूस चालवतो तीच ओळ मशीनने चालवली पाहिजे. चौथी गोष्ट मात्र रीडमीत लिहायची.

हा जॉब प्रत्येक बदलाला तर चालवाच, शिवाय आठवड्यातून एकदा वेळापत्रकाने चालवा, कारण कोड न बदलताही ओळ शिळी होते हे आपण वर पाहिलं. इथला एक बारकावा बहुतेकांना उशिरा कळतो. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर गिटहब वेळापत्रकाचे जॉब आपोआप बंद करतं. शांत पडलेल्या प्रकल्पालाच या तपासणीची जास्त गरज, आणि नेमकी तिथेच ती बंद पडते. कॅलेंडरमध्ये दोन महिन्यांची आठवण लावून ठेवा.

आणखी एक मत, पटलं तर घ्या. रिलीज बांधताना ‘लेटेस्ट’ प्रतिमा टाळा, आवृत्ती पक्की ठेवा. पण रीडमी तपासताना मुद्दाम ‘लेटेस्ट’च घ्या. नव्या वाचकाच्या हातात तेच असणार.

टारबॉल, झिप की क्लोन?

‘कॉन्फिगर फाइल सापडत नाही’ हा एरर अनेकांना येतो. ऑटोटूल्स वापरणाऱ्या प्रकल्पांत कॉन्फिगर स्क्रिप्ट रिलीजच्या टारबॉलमध्ये तयार असते. गिटवरून क्लोन केलं तर ती ‘ऑटोरीकॉन्फ -आय’ने किंवा प्रकल्पाच्या स्वतःच्या स्क्रिप्टने बनवावी लागते. दोन्ही वाटा वेगळ्या लिहा, दोन वेगळ्या मथळ्यांखाली. हा फरक किरकोळ नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत सापडलेला चोरदरवाजा चालू करणारा बिल्डचा तुकडा टारबॉलमध्ये होता, गिटच्या रेपोत नव्हता.

गिटहब आपोआप बनवतं ती ‘सोर्स कोड’ची झिपही अपुरी पडू शकते, कारण सबमॉड्यूलचा मजकूर तिच्यात येत नाही. तुमच्या प्रकल्पात सबमॉड्यूल असतील तर ‘झिप वापरू नका, रिकर्सिव्ह क्लोन करा’ असं पहिल्याच ओळीत लिहा.

डॉक्सच्या आवृत्त्यांचाही असाच गोंधळ होतो. रीड द डॉक्सवर ‘लेटेस्ट’ म्हणजे मुख्य ब्रँचचं टोक, ‘स्टेबल’ म्हणजे शेवटचं पक्कं रिलीज. वाचकाने रिलीज उतरवलेलं असतं आणि तो सूचना ‘लेटेस्ट’च्या वाचत असतो. मूळ दुवा ‘स्टेबल’कडे वळवा. जुनी पानं पुसू नका, फक्त त्यांच्या माथ्यावर ‘हे जुन्या आवृत्तीचं पान आहे’ अशी पट्टी ठेवा. कुणीतरी अजून ती आवृत्ती चालवत असतं.

तुम्ही बाहेरचे असाल तर

शिळी ओळ सापडली तर गप्प बसू नका. अडलेली बहुतेक माणसं न बोलता निघून जातात, त्यामुळे मेंटेनरला पत्ताही लागत नाही. इश्यूत एवढं द्या: ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, हत्याराची आवृत्ती, चालवलेली कमांड, पूर्ण एरर. एररचा फोटो पाठवू नका, मजकूर चिकटवा.

दुरुस्ती स्वतः करणार असाल तर:

- एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. जाता जाता स्वल्पविराम आणि मथळे सुधारू नका.
- कोऱ्या कंटेनरमध्ये चालवून पाहिलं असेल तर तसं लिहा. विंडोजवर पाहिलं नसेल तर तेही लिहा.
- आधी उघडलेली तशीच रिक्वेस्ट आहे का ते बघा.

२०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात रीडमीत एखादा शब्द घुसवणाऱ्या निरर्थक रिक्वेस्टचा एवढा पूर आला, की उपक्रम फक्त संमती देणाऱ्या रेपोंपुरता ठेवण्याचा नियम आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांतच करावा लागला. तेव्हापासून अनेक मेंटेनर रीडमीवरची रिक्वेस्ट जरा संशयानेच उघडतात. चालवल्याचा पुरावा जोडलात की तो संशय विरतो.

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपनीत नोकरीला असाल तर नेमणूकपत्रातलं बौद्धिक संपदेचं कलम आधी वाचा. काही कंपन्या नोकरीच्या काळात लिहिलेल्या सगळ्या कोडवर हक्क सांगतात. अशा ठिकाणी लेखी परवानगी घ्या. काही प्रकल्प ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ मागतात, ती ‘गिट कमिट -एस’ने येते आणि ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ असं तुम्ही तिने जाहीर करता. डॉक्समध्ये एकच शब्द बदलला असला तरी ती लागते.

उत्तरच आलं नाही तर

मेंटेनरवर हक्क गाजवता येत नाही. एमआयटी, अपाची, जीपीएल या सगळ्या परवान्यांत ‘जसं आहे तसं, हमीशिवाय’ या अर्थाचं कलम असतं. पण त्याच परवान्यांनी तुम्हाला प्रत काढून, बदलून, वाटण्याचा हक्क दिलेला असतो. डॉक्सचा परवाना कोडपेक्षा वेगळा असू शकतो, तेवढा पाहून घ्या. प्रकल्पाचं नाव आणि बोधचिन्ह परवान्यात येतंच असं नाही.

पायथनच्या पॅकेजचं नावच हवं असेल तर पायपीआयवर पेप ५४१ नुसार अर्ज करता येतो. मालकाशी संपर्काचे प्रयत्न झालेले असणं, बारा महिन्यांत एकही रिलीज नसणं अशा अटी आहेत, आणि मालकाला केलेले मेल जपून ठेवावे लागतात. निकालाला वेळ लागतो. तोवर स्वतःचा फोर्क वेगळ्या नावाने काढा आणि त्याच्या रीडमीत सगळ्यात वर दोन गोष्टी लिहा: हा कुणाचा फोर्क आहे, आणि ‘पिप इन्स्टॉल’पुढे कोणतं नाव टाकायचं. जुनं नाव टाकलं तर जुनंच पॅकेज येईल, कुठलाही एरर न देता.